निरोगी म्हणून दिलेलं रक्त

मंगळवार संध्याकाळ, लेस्टर

आज लिहायलाच हवं! शिशामुळे शरीरातले एंडोकॅनाबिनॉइड, म्हणजे भूक आणि चिंता सांभाळणारी आपलीच रसायनं, बिघडतात का, हेच आमच्या लॅबचं काम. आज रक्ताच्या एका नमुन्यात दोन्ही दिसलं, शिसंही आणि बिघाडही. नमुना माझाच! तुलनेसाठी, निरोगी म्हणून दिलेला.

बॉसने विचारलं, "तू रोज खातेस काय?"

चिंचेची आमटी. आईच्या पितळी पातेल्यात. कल्हई कधीच उडालीय, इथे कल्हईवाला कुठून आणू? चिंचेच्या आंबटाने पितळेतलं शिसं थेट आमटीत उतरत असणार.

म्हणजे गेले कित्येक महिने मेलेली माझी भूक... एका नमुन्याने काही सिद्ध होत नाही, माहितेय. तरी कारण सापडल्यासारखं वाटून ट्रेनमध्ये एकटीच हसत होते.

घरी आले तर माझी अन्वी त्याच पातेल्यात कालची आमटी गरम करत होती.

"मम्मा, तुला वाढू?"