ठेंगणी खुर्ची

२८ डिसेंबर १९६७

टाकलं! मेळ्याच्या चिटणिसाच्या, ग्विलिम प्रॉसरच्या, दारातल्या फटीतून पाकीट आत सरकवलं आणि चोरासारखी पळाले. वर टोपणनाव – रानचिमणी. आत कविता, आणि वेगळ्या बंद पाकिटात माझं खरं नाव. या वयात! कूम केलिनमध्ये कुणाला कळलं तर वर्षभर पुरेल एवढं हसतील.

इद्वालला सांगितलेलं नाही. नवऱ्यापासून लपवलेली ही पहिलीच गोष्ट, आणि तीही त्याच्याच प्रांतातली. दर मार्चच्या मेळ्याला तो कविता पाठवतो आणि पहिल्या कवितेच्या बक्षिसाची खुर्ची दुसराच कुणी घेऊन जातो. तीन वेळा तर अगदी थोडक्यात हुकली. तेव्हापासून गावात त्याचं नावच पडलं, ‘इद्वाल दुसरा’. टपाल वाटताना पोरंसुद्धा त्याच नावानं हाक मारतात. तो हसतो. घरी आल्यावर हसत नाही.

दुपारी तोही आपलं पाकीट घेऊन बाहेर पडला. मी मान वर केली नाही.

६ जानेवारी

घात झाला. ग्विलिम प्रॉसर माझ्या सुतारकामाच्या कार्यशाळेत आला, टोपी काढून ठेवली. मला वाटलं, अक्षर ओळखलं याने! पण नाही. समितीनं ठरवलंय – यंदाची खुर्ची मी करायची.

पूर्वी बाबा करायचे; ते गेल्यापासून मेळ्याची खुर्ची बाहेरगावाहून यायची. बाईमाणसाला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, विचार करून सांगते. “विचार कसला करतेस पोरी? तुझ्या बापाची पटाशी गंजून जायची आहे का?” बाबांचं नाव काढलं की माझं काही चालत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. हो म्हणून बसले.

आता? मी केलेली खुर्ची, आणि स्पर्धेत मीच! जिंकले तर म्हणतील, बाईनं स्वतःसाठीच केली. आणि इद्वालच्या तोंडावर ती खुर्ची मी न्यायची?

८ जानेवारी

कविता परत मागायला गेले होते. म्हणजे आडून आडून. एखाद्याला माघार घ्यायची असली तर, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. ग्विलिम म्हणाला, कविता परीक्षकाकडे गेल्या, नावांची पाकिटं कुलपात आहेत, आणि ज्याला माघार हवी त्यानं येऊन आपलं नाव सांगावं. मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, “का गं? इद्वाल घाबरला की काय?”

नाही म्हटलं. घरी येऊन ओकच्या फळ्या निवडल्या.

२१ जानेवारी

पाठीच्या फळीवर हात बसला. कोरीवकाम बेताचंच ठेवणार – फक्त हॉलीच्या झुडपाची काटेरी पानं. बाबा म्हणायचे, पाठ लोकांसाठी असते, बैठक बसणाऱ्यासाठी.

कामात असले की बरी असते. थांबले की ते पाकीट आठवतं. इद्वाल संध्याकाळी काउलचं, म्हणजे मटणाच्या रश्श्याचं, पातेलं ढवळत गप्प बसतो. आधी असा नव्हता – स्पर्धेच्या दिवसांत तर ओळी म्हणून दाखवून जीव नकोसा करायचा. यंदा एक ओळ नाही. माझ्यावर रागावला असेल. दुसऱ्या कुणी केलेली खुर्ची हातची गेली तर वेगळं, आणि बायकोनं केलेली गेली तर वेगळं. मला कळतं. पण बोलू कसं?

४ फेब्रुवारी

काय करून बसले मी हे!

मेळ्याची खुर्ची कुणाच्या मापानं करायची नसते. बसणारा कोण, ते मेळ्यात निकालाचा कर्णा वाजेपर्यंत कुणालाच माहीत नसतं. त्यासाठी बाबांची माप-काठी भिंतीवर टांगलेली आहे, तिच्यावरच्या खुणेनं पाय कापायचे, बस्स. आणि बसून बघायचं नाही. आयुष्यभर बाबा मेळ्याच्या एकाही खुर्चीत बसले नाहीत.

आज मी पाय कापले, जोडले, दार लावून घेतलं आणि बसले. तळवे जमिनीवर अगदी सपाट टेकले. मला बुटकीला अख्ख्या घरात एक खुर्ची अशी नाही. क्षणभर इतकं सुख वाटलं! आणि मग भिंतीकडे लक्ष गेलं. काठी खिळ्यावरच होती. मी हात लावलाच नव्हता. खूण केली होती ती माझ्याच गुडघ्याशी.

हातानं मला न विचारता केलं. पायांखाली ठोकळे ठोकावेत, तर बाबा थडग्यात कूस बदलतील. नवे पाय करायला लाकूड नाही.

७ फेब्रुवारी

इद्वाल चहा घेऊन आला. एरवी दारातूनच देतो. आज आत आला, खुर्चीभोवती फिरला, बैठकीशी आपला पाय लावून बघितला. बैठक त्याच्या गुडघ्याच्या बरीच खाली. “कुणीतरी बुटका जिंकणार वाटतं,” म्हणाला.

मी म्हटलं, लाकूड कमी पडलं. त्यानं मान हलवली. चहा कपात तसाच निवला.

२० फेब्रुवारी

तेलाचा शेवटचा हात. देखणी झालीय. बघवत नाही.

२ मार्च

काल मेळा झाला. लिहून टाकते.

प्रार्थनाघरामागचं सभागृह गच्च भरलं होतं. व्यासपीठावर माझी खुर्ची. इद्वाल माझ्या डाव्या बाजूला, रविवारच्या कोटात. परीक्षक उठले. चौदा कवितांमधून एकच खुर्चीच्या लायकीची, म्हणाले. आणि ओळी वाचायला लागले.

माझ्या. माझ्या ओळी! बापाच्या पश्चात त्याचा रंधा हातात घेणाऱ्या मुलीच्या. परक्या तोंडून त्या केवढ्या मोठ्या वाटत होत्या. मागे कुणीतरी नाक ओढत होतं.

दिवे घालवले. ग्विलिमनं पुकारलं, “रानचिमणी! कर्णा वाजताच उभं राहावं, आणि फक्त रानचिमणीनंच.”

पहिला कर्णा. मी बाक घट्ट धरला. इद्वालकडे पाहिलं – हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. ओठ हलत होते. पुन्हा हरला, असं वाटलं मला. एवढ्या वर्षांनी पुन्हा, आणि या वेळी घरच्याच माणसाकडून. मी उठले असते तर गावानं त्याचं नवं नाव काय ठेवलं असतं, तेही मला ऐकू आलं.

दुसरा कर्णा. माणसं माना वळवून शोधत होती. तिसरा. मी उठले नाही.

आमच्याकडची रीत आहे – तिसऱ्या कर्ण्यापर्यंत कुणी उठलं नाही, तर नावाचं पाकीट न उघडता जाळायचं. ग्विलिमनं सगळ्यांसमोर ते शेगडीत टाकलं. लगेच पेटलं. विजेत्याला खुर्चीत बसवताना लोकांना विचारतात तो “शांतता आहे का?” हा पुकारा झालाच नाही. कुणासाठी विचारणार?

बाहेर जो तो म्हणत होता, कोण असेल हा भित्रा. मीही म्हटलं.

घरी येताना इद्वाल चार पावलं पुढे चालत होता. मी त्याच्यासाठी एवढं केलं आणि त्याला कधी सांगताही येणार नाही. आयुष्यात एकदा मिळालं होतं. रडू येतंय.

३ मार्च

न दिलेली खुर्ची करणाऱ्याकडे परत येते. सकाळी इद्वालनंच ती पाठीवर घालून आणली, कार्यशाळेत नाही, थेट स्वयंपाकघरात. टेबलाशी ठेवली आणि आपण पाठमोरा उभा राहिला.

“उठली का नाहीस, टेग्वेन?”

 मी विचारलं, कसं कळलं. म्हणाला, शरद ऋतूभर रंधा मारताना पुटपुटत होतीस, पत्र्याच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. परवा परीक्षकांच्या आधी मीच म्हणत होतो मनातल्या मनात. पाठ आहे मला.

मग मीही सांगून टाकलं. तुझ्यासाठी बसून राहिले. तुला पुन्हा हरवायचं नव्हतं.

तो वळला. डोळे लाल.

“मी हरणार कसा? पाकीट घेऊन पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. यंदा मी पाठवलीच नव्हती.”