च्याव म्हणून रोवण्याला गेलो

कुरखेडा

चि. रंजीतास बाबाचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल, गाय परवा व्याली, आणि तिकडे इटलीत तुझं पोट बिनभाताचं ठीक चाललं असेल असं धरून लिहितो. फोनवर तू शेवटी 'च्याव' म्हणतेस आणि माझं बोलणं आतच राहतं, म्हणून हा कागद.

या शब्दाचं मूळ तू सांगितलंस तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. व्हेनिसची माणसं एकमेकांना 'मी तुमचा गुलाम' म्हणायची, ते झिजत झिजत एवढंसं उरलं. इटलीवाले येताना-जाताना दोन्हीकडे म्हणतात, पोर्तुगालवाले फक्त जाताना. ऑस्ट्रियात 'सेर्वुस' म्हणतात, तोही लॅटिनमधला गुलामच. म्हणजे अख्ख्या खंडात सकाळपासून सगळे सगळ्यांचे गुलाम, आणि कोणी कोणाला तांब्याभर पाणी आणून देत नाही. (तू देत असशील, तुझा स्वभाव तसा आहे.)

मलाही हुक्की आली. बांधावर लटारूभाऊ भेटले, त्यांना च्याव म्हटलं आणि वर अर्थही सांगितला, तिथंच चुकलं. ते शांतपणे म्हणाले, "गुलाम म्हणून राह्यले ना भाऊ, मंग उद्या रोवण्याले या. माणसं कमी हायेत." आता नाही कसं म्हणणार? दिवसभर चिखलात वाकून धान रोवलं. कंबर अजून माझी वाटत नाही. शेजारच्या बांधीत माझा जुना विद्यार्थी, आपला लालसू होता. तो हसून म्हणाला, "आमी गोंड लोक भेटलो का रोज 'सेवा सेवा' म्हणतो गुरुजी. म्हटलं का यावंच लागते." मला ते फार आवडलं, कंबर दुखत असूनही. तिकडे शब्द झिजले, इथं म्हटलेलं अजून धरून ठेवतात.

म्हणूनच आपल्याकडे घरून निघणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. नागपूरला विमानतळावर तूही 'येते बाबा' म्हणाली होतीस. मी ते ऐकलं आहे.

तुझा बाबा,
धनराज

ता. क. : तुझ्या आईला या च्यावचा फार त्रास होतो. फोन ठेवला की तिला जेवण जात नाही. तिच्यासाठी तरी शेवटी 'येते' म्हणत जा. यायलाच पाहिजे असं नाही, नुसतं म्हणायला काय जातं?

आईचा ता. क. : बाई रंजीता, पाकीट मी चिकटवून राह्यली म्हणून वाचलं. माह्यं जेवण बराबर हाये. फोन ठेवला का हेच फाटकापाशी जाऊन उभे रायतात. ह्यांचं ऐकू नोको. तू 'येते' म्हणशीन तं हे दुसऱ्या दिवसापासून बसस्टँडवर जाऊन बसतीन. तिकीट काढशीन तवाच म्हणजो. तोपर्यंत च्यावच बरं.