डब्यात राहिलेली टोकं

नामग्ये,

तुझा लाल भात आणि मिरची-चीजची भाजी गोठ्यात झाकून ठेवलीय. का, ते वाच.

उद्या तिरंदाजीचा सामना, म्हणून संघाबरोबर रानात झोपतो, असं काल म्हणालास. सामन्याआधी बायकोजवळ झोपलं की नेम चुकतो, हा तुमचा नियम, म्हणून मीही जाऊ दिलं. रानात झोपायला अंगात सणाचा रेशमी घो, तो ठेवणीतला झगा, कशाला, हेही विचारलं नाही.

सकाळी पिठामागे डबा सापडला. जुने खिळे तापवून, ठोकून, घासून तू केलेली बाणांची टोकं सगळीच्या सगळी त्यात होती. आठ दिवस भट्टीचा भाता मीच ओढलाय. नुसते बांबू घेऊन काय खेळणार, म्हणून डबा घेऊन मैदानावर धावले. तिथे गायी चरत होत्या. तुमचे कप्तान उग्येन काका घरी मिरच्या वाळवत होते. "सामना कापणीनंतर आहे, पोरी," म्हणाले आणि मान खाली घातली.

कुठे होतास, ते विचारत नाही. घर माझ्या आईचं आहे, पण नियम तुझाच पाळतेय. तुझं अंथरूणही गोठ्यात टाकलंय, टोकांचा डबा उशाशी आहे.

कापणीला अजून तीन आठवडे आहेत.

चोकी