अप्पांचं अडेनियम

॥ ॐ नमः शिवाय ॥
वडवणी, दि. १९ ऑगस्ट २०२५

चि. रुद्राणीस आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून कागद घेतला. तुझ्या अप्पांनी बी पेरून वाढवलेलं अडेनियम माझ्या हातून बिघडलं. श्रावण लागला आणि मातीवर आलेलं त्याचं ते गोल, गुळगुळीत पोट मला थेट पिंडीच दिसायला लागलं. मग चारही सोमवारी तांब्या-तांब्याने अभिषेक केला, बेल वाहिला. करायला गेले एक अन् झालं भलतंच. आज बोट लावलं तर बूड पिकल्या पपईसारखं मऊ लागलं.

अप्पा गेल्यापासून तू नाशिकला ये म्हणतेस आणि मी म्हणते, त्या झाडाला सोडून कशी येऊ. आता त्यालाच मी बुडवलं. बारा वर्षांचं झाड गं. माझ्यावर रागाव, पण उपाय कळव.

तुझी,
आई

नाशिक, दि. २२ ऑगस्ट

ती. आईस रुद्राणीचे साष्टांग शरणार्थ, वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडू आलं. लगेच फोन केला तर तू उचलला नाहीस, म्हणून लिहितेच. अप्पा असते तर म्हणाले असते, हे वाळवंटातलं झाड, याला देव मान, पण आंघोळ घालू नकोस.

झाड कुंडीतून काढ. धारदार सुरीने सडलेलं काप. पांढरा, टणक गर लागेपर्यंत थांबू नकोस. चीक विषारी असतो, हात साबणाने धू. कापलेल्या जागेवर राख लाव आणि सावलीत टांगून ठेव. तीन आठवडे माती नाही की पाणी नाही. तुला राहवणार नाही, तरी घालू नकोस. त्याची शिदोरी त्याच्या पोटातच असते. जगेलच असं मात्र मी म्हणत नाही.

माया आहेच, फक्त ती पाण्यावाटे दाखवू नकोस.

तुझी,
रुद्राणी

वडवणी, दि. ५ ऑक्टोबर

चि. रुद्राणीस अनेक आशीर्वाद.

तू लिहिलंस तसंच केलं. निम्मं पोट कापून टाकावं लागलं. राख म्हणजे आपल्या घरात विभूती. अप्पांच्या डबीतली होती, तीच जखमेत भरली. देवघरासमोरच्या खुंटीला टांगलं. शेजारच्या विमलबाई विचारून गेल्या, वाळलेलं लाकूड कावून टांगलंय म्हणून. पोटाला सुरकुत्या पडल्या, रोज तांब्याकडे हात जायचा, रोज आवरला. बाविसाव्या दिवशी कोरड्या, रेताड मातीत बसवलं.

आज सकाळी पूजेला आले तर शेंड्याला तीन हिरवे ठिपके. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पानंच होती. मी तिथेच खाली बसले. निम्मं अंग गेलेलं, इतके दिवस पाण्याचा थेंब नाही, आणि हे आतूनच पानं काढतंय. पन्नास वर्षं पूजा करते, पण असा काटा अंगावर कधी आला नव्हता. हात जोडले. पाणी घातलं नाही.

मग मनात आलं, हे एकवीस दिवस मातीवाचून राहिलं, तर मलाही वडवणीवाचून राहता येईल. दिवाळीला येते. कुंडी मांडीवर घेऊनच एसटीत बसेन. तिथे पाणी मात्र तू घालायचं. माझ्या हाताचा भरवसा नाही.

आमच्या दोघांसाठी खिडकीत जागा कर.

तुझी,
आई