एकावर एक दोन शब्द

अहो,

'प्रिय' लिहायला घेतलं आणि माझी मलाच लाज वाटली. जन्मभर 'अहो'च म्हटलं, तेच बरं. पत्र का म्हणून लिहिते म्हणाल, तर प्रकाशकांचा आज पुन्हा फोन आला. तुम्ही गेलात आणि तुमच्या शेवटच्या गोष्टीपायी पुस्तक अडलंय, आणि मी लई थकलेय हो.

तुमचं अक्षर लावता लावता डोळे गेले माझे! साखर कारखान्यातून रिटायर झालात, तरी ऊसवजनाच्या पावत्यांच्या पाठीमागंच लिहायचात. खोडणं म्हणून माहीत नाही. एक शब्द पटला नाही की त्याच्या डोक्यावर दुसरा. टाइप करताना मी विचारायची, यातला कोणता घेऊ? "राहू दे दोनी, च्या पिऊन सांगतो," म्हणायचात. आणि सांगायचात.

पोरानं एकदा तुम्हालाच कॉम्प्युटरवर बसवलं होतं. सकाळ गेली, ओळी झाल्या दोन-तीन. कुरकुरत उठलात, की हितं आधीचा शब्द दिसतच न्हाई, मग माझं मन कुठून कुठं गेलं ते मला कळावं कसं? मी हसले होते. आता रोज तेच सोसतेय. शेवटी शेवटी तुमचा हात थरथरायचा, पण पडद्यावर बघावं तर अक्षरं आपली ठणठणीत!

आणि त्या अडलेल्या गोष्टीची ती शेवटची ओळ. वडवणीच्या स्टँडवर एक बाई पिशवी घेऊन बसलीय, नवऱ्याशी भांडून माहेरी निघालीय. एसटी लागते. खाली लिहिलंय 'ती चढली', त्याच्यावर 'ती बसून राहिली'. कागदावर दोन्ही मावलं. मशीनला एकच लागतं.

ती बाई मीच ना हो? लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी अशीच निघाले होते. गाडी आली, गेली, मी बसूनच. घरी परतले तर तुम्ही खिचडी वाढलीत, एका शब्दानं विचारलं नाही. मला वाटायचं, मी कुठं गेले होते याचा तुम्हाला पत्ताच नाही. म्हणजे सगळं ठाऊक होतं! कागदाला सांगितलंत, मला का नाही सांगितलंत?

राग नाही. एकटीनं ठरवायचा कंटाळा आलाय, एवढंच. पण ठरवलंय. तुमचा कागद आहे तसा जपून ठेवीन, आणि उद्या टाइप करीन, 'ती चढली'. मी राहिले, त्यात काही वाईट झालं नाही. पण तिला जाऊ देते.

तुमचीच,
शकुंतला