चादरीचं दुसरं टोक

प्रिय आईस,
तुझ्या लेकाचा प्रभूमध्ये सलाम.

गेल्या सोमवारी सकाळी मी लॉन्ड्रीत हजेरी लावली आणि रोजच्यासारखा कपाटांमागे प्रार्थनेला बसलो. ‘कामाआधी प्रार्थना’ हे तुझंच वळण. पंधरा मिनिटांनी बाहेर आलो, तर माझ्या जोडीला काम करणाऱ्या मावशी इस्पितळाच्या भल्या मोठ्या चादरीची एकट्याच घडी घालत होत्या. एक टोक हनुवटीखाली धरलं होतं आणि मध्येच खांदा दाबत होत्या.

मला पाहून म्हणाल्या, “भाऊ, देवाशी बोलणं झालं असेल तर दुसरं टोक धरा.”

मी वरमलो. आई, मी देवाला वेळ देतोय असं समजत होतो. तेवढा वेळ माझं काम त्या ओढत होत्या, हे महिनाभर माझ्या ध्यानातच आलं नाही. त्याच दिवशी ठरवलं, की पहाटे उठून खोलीवरच प्रार्थना करायची. पण दोन दिवस अंथरुणाने सोडलं नाही. खोकल्यामुळे झोप उशिरा लागते, एवढंच. आता बरा आहे, काळजी करू नकोस. तू चष्म्याची काडी बसवून घेतलीस, की अजून दोरा बांधूनच पवित्र शास्त्र वाचतेस?

आज पाचला उठलो. मावशींच्या खांद्यासाठीही प्रार्थना केली आणि त्यांच्या आधी कामावर पोचलो.

“आज देवाला सुट्टी का?” त्यांनी विचारलं.

“त्याला घरीच भेटून आलो,” मी म्हणालो. मग त्यांची माफी मागितली आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.

तुझ्या प्रार्थनेत असलेला,
तुझा थोरला