सूत आमच्या ओट्याला अडलं

प्रिय धनश्री,

दोन महिन्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी, जागेश्वर आजोबांनी गल्लीत सूत ताणलं आणि ते आमच्या ओट्याला अडलं. तिथंच माझं सगळं बदललं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहून राहिलो.

रस्ता रुंद करायचा ठरला तेव्हा मी नुसता पेटलो होतो. मोजणीवाल्यांचा टेप हिसकून नालीत फेकला. या ओट्यावर बसून तू मला फिजिक्स शिकवायचीस. तुम्ही उमरेडला गेलात, मी कॉलेज सोडलं, उरला तो ओटाच. तोही यांना द्यायचा?

तेव्हा आजोबा म्हणाले, "त्यांचा टेप नाही मानत ना? मंग आपलं सूत तर मानशील?" पूर्वी घरोघरी हातमाग चालायचे तेव्हा विणायच्या सुताचा ताणा गल्लीतच लावायचे, मारुतीच्या पारापासून बोरिंगपर्यंत, सरळ. माग बंद पडले आणि मोकळ्या गल्लीत एकेकाचा ओटा पुढं सरकला. त्यांनी सुताचं एक टोक मलाच धरायला लावलं. कोणाच्या पायरीला ते वीतभर अडलं, कोणाच्या हातभर. आमच्या ओट्याला तब्बल तीन फूट! समोरच्या शोभाताई हसल्या, "पियुष, तुमच्या ओट्यानं तर अर्धी गल्ली खाल्ली गा!" सगळे हसले. मला मात्र डोळ्यांपुढं खाटेवरची तुझी आई दिसली.

मी घण आणला. बाबा ओरडत राहिले, "अबे थांब, माणसं लावू." कुठला थांबतो! दुपारपर्यंत ओटा सपाट. संध्याकाळी चौघांनी आपापले ओटे स्वतःच फोडायला घेतले. आता येऊन बघ! नाली झाकली, दर पाच घरांमागे दिव्याचा खांब आहे, ट्यूशनच्या पोरी सात वाजता गप्पा मारत आरामात येतात. आणि काल तर कमाल झाली. भैय्याजींच्या सुनेला कळा सुरू झाल्या आणि ॲम्ब्युलन्स थेट त्यांच्या दारात! आमच्या घरासमोरून, न थांबता! ड्रायव्हर तोच, तुझ्या आईच्या वेळचा. मला ओळखून म्हणतो, "काय गा, आज कॉलर नाही धरत?" मी भर गल्लीत त्याची माफी मागितली. मुलगी झाली, धनश्री. पेढे मीच वाटले.

पण खरं सांगायचं ते राहिलंच. तुझ्या आईला, अंजनाबाईंना, झटका आला त्या दुपारी गाडी आमच्या ओट्यापाशी अडली. आपण त्यांना खाटेवर घालून चौकापर्यंत नेलं. त्यात जो वेळ गेला, त्यानं त्यांचा उजवा हात कायमचा लुळा पडला. ड्रायव्हर भित्रा होता, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत फिरलो. तू फक्त ओट्याकडे पाहिलंस. मला तेव्हाच कळलं होतं. कबूल करायची हिंमत नव्हती, म्हणून त्याची कॉलर धरली.

आज हेच तुझ्या आईसमोर बसून सांगायला येतोय. तू परत ये, असं म्हणणार नाही. म्हणावंसं फार वाटतं, तरी नाही. पत्र आधी तुझ्या हातात देईन, कारण तोंडानं सांगायला गेलो की मी भांडायलाच लागतो. उमरेडची गाडी दहाची आहे. ओटा गेल्यापासून आमच्या दारातून पाय थेट रस्त्यावर पडतो. उठलो बघ. दार ओढून घेतो.

वाटेला लागलेला, तुझाच
पियुष